सचित्र जुन्या पुस्तकांचं कपाट: आधी स्कॅन, आधी बांधणी की आधी मोजणी?

पान_उलटणारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एका जुन्या ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे एका कुलूपबंद कपाटात सचित्र पुस्तकं आहेत. वनस्पती, पक्षी, शरीरशास्त्र, प्रवासवर्णनं, दोनचार नकाशांचे ग्रंथ. एकूण २१२. हा आकडा मी परवा मोजून काढला, दाखल नोंदवहीत २०६ आहेत. सहा जास्त कुठून आली, देव जाणे. आणि नोंदवहीत चित्रांबद्दल काय लिहिलंय? 'सचित्र'. संपलं. एका नोंदीत लेखनिकाला उत्साह आला असावा, तिथे 'सचित्र (रंगीत)' आहे.

यंदा या कपाटाचं 'काहीतरी करायचं' असं समितीने ठरवलंय. त्यात दोन तट आहेत. एक म्हणतो सगळं स्कॅन करून टाका, म्हणजे मूळ प्रतीला हात लावायलाच नको. दुसरा म्हणतो पानं गळतायत, आधी बांधणी करून घ्या. मला दोन्हींची धास्ती वाटते आणि त्याला कारण आहे. मी लागायच्या आधी आठ पुस्तकं बांधणीला दिली होती. परत आली तेव्हा दिसायला झकास, नवं कापड, सोनेरी अक्षरं. पण कडा सरळ करण्याच्या नादात चित्रांच्या वरच्या कोपऱ्यात छापलेले क्रमांक कापले गेले. एका पक्ष्याची शेपटीही गेली. चित्रांवरचे पातळ कागद 'खराब झाले होते म्हणून काढले'. बांधणीआधीचा एकही फोटो नाही, कसली यादी नाही. म्हणजे काय होतं आणि काय गेलं हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

सुरुवात कुठून करू?

सरळमार्गी

ताई, २१२ पुस्तकं म्हणजे फार नाहीत. चांगला स्कॅनर घ्या आणि भिडा. त्यातली निम्मी तर नेटवर आधीच असतील, ती सोडून द्या. उगाच याद्या करत बसलात तर यादीच होईल, पुस्तकं तोवर वाळवी खाईल.

निवृत्त_ग्रंथपाल

सरळमार्गी, नेटवर आहे ती दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटातली प्रत. यांच्या कपाटातली नव्हे. सचित्र पुस्तकाच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

(अवांतर: 'सचित्र' एवढ्यावर नोंद उरकणाऱ्या लेखनिकांत आयुष्यातली काही वर्षं मीही होतो. तेव्हा दिवसाला किती पुस्तकं दाखल केली तेवढंच विचारायचे.)

जुजबंदी

धागा वाचून राहवलं नाही. माझं मत आधीच सांगतो: मोजणी. स्कॅनच्या आधी, बांधणीच्या आधी, साफसफाईच्याही आधी. कारण जरा सविस्तर लिहितो.

जुन्या पुस्तकाचा मजकूर मोठ्या तावांवर छापायचे, ताव दुमडून जुज करायचे. प्रत्येक जुजाच्या पहिल्या पानाच्या तळाशी एखादं अक्षर किंवा आकडा असतो. ती खूण बांधणाऱ्यासाठी. बऱ्याच पुस्तकांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्दही छापलेला असतो. त्यामुळे मजकुराचं पान गळालं तर लगेच कळतं. पृष्ठक्रमांक तुटतो, वाक्य तुटतं.

ताम्रपटावरची (तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली) किंवा शिळाछापाची (दगडावरून छापलेली) चित्रं मात्र वेगळ्या यंत्रावर, बहुतेकदा वेगळ्या कागदावर, कधीकधी वेगळ्या छापखान्यात छापली जायची. बांधताना ती सुटी पानं मजकुराच्या पानांमध्ये डकवली किंवा शिवली जायची. त्यांना पृष्ठक्रमांक नसतो. एखादं चित्र कुणी काढून नेलं तरी ८८ नंतर ८९ येतंच. वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही, स्कॅन करणाऱ्याला तर नाहीच. तो निमूटपणे पान उलटतो आणि अपुऱ्या पुस्तकाची सुंदर प्रतिकृती तयार करतो.

शिवाय प्रत्येक प्रत वेगळी. अमेरिकेतला पक्षीचित्रकार ऑड्युबन, त्याचा पक्ष्यांचा महाग्रंथ घ्या. १८२७ ते १८३८ या काळात तो ८७ हप्त्यांत वर्गणीदारांना मिळाला, दर हप्त्यात पाच चित्रं, एकूण ४३५. बांधून घ्यायचं काम ज्याचं त्याचं. रंग हाताने भरलेले. अशा ग्रंथाची 'एक प्रत पाहिली की सगळ्या पाहिल्या' असं कसं म्हणणार?

तेव्हा पहिलं काम: पुस्तकात चित्रांची छापील यादी किंवा 'बांधणाऱ्यास सूचना' असं काही आहे का बघा. सुरुवातीला नसेल तर अगदी शेवटच्या पानांत बघा, अनुक्रमणिकेच्या मागे लपलेली असते. त्या यादीशी प्रत ताडून बघा. यादी नसेल तर चित्रांवरचे क्रमांक लावा, मजकुरात 'चित्र अमुक पाहा' कुठे म्हटलंय ते शोधा. आणि कण्याजवळ बोट न फिरवता नजर फिरवा. पान कापून काढलं असेल तर आत एक अरुंद खुंट राहतो. मात्र प्रत्येक खुंट चोरीचा नसतो. सुटं चित्र शिवता यावं म्हणून बांधणाऱ्याने त्याची एक कड मुद्दाम दुमडून पलीकडे काढलेली असते, तोही खुंटासारखाच दिसतो.

माझ्या वहीतली एक ओळ नमुन्यादाखल:

'चित्र १४. पृ. ८८ समोर. ताम्रपट, हाताने रंगवलेलं. घडीचं, दोन घड्या. कण्याजवळ ४ सेंमी फाट. हिरव्या रंगामागे कागद तपकिरी. वर पातळ कागद आहे, त्यावर छापील मथळा. ग्रंथालयाचा शिक्का खाली उजवीकडे, चित्राला लागलेला नाही.'

दोन मिनिटं लागतात. शेवटचं वाक्य वाचून हसू नका. चित्रातल्या माणसाच्या कपाळावर मारलेले गोल शिक्के मी पाहिले आहेत. पण तोच शिक्का चोरीला गेलेलं चित्र आपलं आहे हे सिद्ध करायला उपयोगी पडतो. जुनी चित्रं फाडून, चौकटीत घालून विकण्याचा धंदा फार जुना आहे. 'सचित्र' एवढीच नोंद हातात असेल तर काय गेलं हेच सांगता येत नाही, मग ते परत कसं मागणार?

पान_उलटणारी

बाप रे. हे सुटं चित्र वेगळं छापण्याचं लक्षातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

एक शंका. 'ताम्रपट', 'शिळाछाप' हे ओळखायचं कसं? मला सगळी सारखीच दिसतात.

भिंगधारी

माझा आवडता विषय! दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि साधी बॅटरी एवढं पुरे.

बॅटरी समोरून मारू नका. पानाच्या बाजूने, जवळजवळ आडवी धरा. तिरप्या उजेडात कागदाचे चढउतार दिसतात. ताम्रपट दाबाने छापला जातो, म्हणून चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याच्या कडेची बसकी चौकट उमटलेली दिसते (कडा छाटल्या असतील तर ती गेलेली असते, सावध), आणि शाईच्या रेघा किंचित उंचावलेल्या असतात. लाकडी ठशाचं उलट. तो अक्षरांच्या खिळ्यांसोबतच छापता येतो, म्हणून मजकुराच्या पानावरच चित्र असेल तर पहिला संशय लाकडी ठशाचा घ्यायचा. भिंगातून रेघेच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद झालेली दिसते. शिळाछाप सपाट. ना खोलगट, ना उंच. खडूने काढल्यासारखी रवाळ रेघ दिसली की शिळाछाप शोधणाऱ्या सेनेफेल्डरला नमस्कार करायचा, १७९० च्या दशकातली ही त्याची करामत. आणि भिंगाखाली ओळीत बसवलेले ठिपके दिसले तर ते हाफटोन (फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापण्याची पद्धत), म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं किंवा त्यानंतरचं. १८२० सालच्या पुस्तकात असे ठिपके सापडले तर ते चित्र मागाहून घुसवलेलं आहे, खुशाल लिहून ठेवा.

लाकडी ठशांवरून आठवलं. १४९३ सालच्या न्यूरेंबर्ग इतिवृत्तात (जर्मनीत छापलेला जगाचा सचित्र इतिहास) १८०९ चित्रं आहेत, पण ठसे ६४५च. एकच शहर वेगवेगळ्या नावांनी येतं, एकच राजा तीन घराण्यांत राज्य करतो. 'हे चित्र दोनदा आलंय, छापखान्याची चूक' असं कुणी नोंदवलं तर पंचाईत.

ओळखता नाही आलं तर 'काळं, कोरीव, प्रकार नक्की नाही' असं लिहा. चुकीचं नाव देऊन ठेवण्यापेक्षा बरं. पुढचा माणूस तुमच्या नोंदीवर विश्वास ठेवणार असतो.

सरळमार्गी

मोजणीचं पटलं. पण २१२ पुस्तकं, धरा सरासरी ४० चित्रं, प्रत्येकी दोन मिनिटं. होतात साधारण २८० तास, तेही रोजचं काम सांभाळून. असल्या नमुनेदार नोंदी पहिल्या १५ पुस्तकांपर्यंत टिकतात, मग माणूस कंटाळतो. अनुभवाचे बोल आहेत.

माझी सूचना: पहिल्या फेरीत फक्त संख्या. 'यादीप्रमाणे ५२, प्रत्यक्षात ५०, क्र. ९ व ३१ नाहीत.' बाकीचं दुसऱ्या फेरीत, आणि तेही गरजेच्या पुस्तकांचंच.

जुजबंदी

हे मात्र अगदी योग्य. मान्य. मी वहीच्या प्रेमात वाहवत गेलो.

कसरबसर

पांढरे सुती हातमोजे घालायला विसरू नका. टीव्हीवर दाखवतात तसे.

गव्हाची_खळ

टीव्हीवर दाखवतात तेच चुकतं. सुती मोज्यात बोटाला कागदाची जाडी कळत नाही, फाटकी कड धाग्यात अडकते आणि पान उलटताना फाट वाढते. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. मोजे लागतात ते फोटो चिकटवलेल्या पुस्तकांना.

आणि एका ठिकाणी मोजे नक्की लागतात, ते आपल्या जिवासाठी. एकोणिसाव्या शतकातली भडक हिरव्या कापडी बांधणीची पुस्तकं कपाटात असतील तर वेगळी काढा. त्या हिरव्यात आर्सेनिक असू शकतं. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयात २०१९ साली याचा शोध सुरू झाला आणि मग अनेक ग्रंथालयांनी आपापली कपाटं तपासली. नायट्राइलचे (डॉक्टर वापरतात तसे रबरी) मोजे घाला, पुस्तक झिपच्या पिशवीत ठेवा, वर चिठ्ठी लावा. घाबरून फेकून देऊ नका.

आता बांधणीबद्दल. मी जतनाचंच काम करते, दुरुस्ती हे माझं पोट आहे, तरी सांगते की २१२ पैकी बहुतेकांना बांधणीची गरज नसणार. पुठ्ठा सुटलाय? सुती फीत बांधा, गाठ कडेला घ्या, चित्राच्या पानांवर नको. आम्लरहित पुठ्ठ्याच्या मापाच्या पेटीत ठेवा. पेटी धूळ आणि उजेड अडवते, हवेतला चढउतार सौम्य करते आणि तिने कधी कुणाच्या शेपट्या कापलेल्या नाहीत. ज्यांना खरंच दुरुस्ती हवी त्यांच्यासाठी जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, कारण ती पुढे ओलाव्याने सोडवता येते. चिकटपट्टी नाही. लॅमिनेशन तर नाहीच नाही. कधीकाळी मोठमोठ्या ठिकाणी कागद प्लास्टिकमध्ये तापवून बंद केले गेले, ते सोडवण्यात आज लोकांची उमर चाललीय.

मोजताना रंगांकडे बघाल का? तांब्यापासून केलेला हिरवा कागद खातो. आधी मागच्या बाजूला तपकिरी सावली दिसते, मग कागद तडकतो, शेवटी पानाच्या आकाराचं भोक पडतं आणि पान म्हणजे झाडाचं पान बरं का. अशा चित्राची घडी उघडायचीच नाही, ते आधी माझ्यासारख्यांकडे. शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकाने काळवंडतो. गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काळे डाग दिसले तर ती घाण नसते, खोडायला जाऊ नका.

पातळ कागदांबद्दल आमच्यातच भांडणं आहेत. काही जुने पातळ कागद स्वतःच आम्लधर्मी असतात आणि चित्रावर पिवळट चौकोन पाडतात. तरी ते पुस्तकाचाच भाग. त्यावर मथळा छापलेला असेल तर प्रश्नच मिटला. कोरा असेल आणि नुकसान करत असेल तर काढून, कुठला होता ते लिहून, त्याच पेटीत वेगळ्या पाकिटात. 'खराब झाले म्हणून काढले' हे वाक्य वाचून पोटात कालवलं.

कसरबसर

मोज्यांबद्दल धन्यवाद, शब्द मागे घेतो. माझ्या नावाच्या प्राण्याचं काय? कपाटात चंदेरी कसर दिसली आहे का?

पान_उलटणारी

दिसली आहे. खालच्या खणात. डांबराच्या गोळ्या ठेवल्यात.

गव्हाची_खळ

गोळ्या काढा. वास तुमच्या नाकाला, कसरीला फारसं काही नाही. ती दमट जागी वाढते, खळ आणि कागदावरचा लेप खाते. खालचा खण भिंतीला आणि जमिनीला चिकटून असेल, तर कपाट थोडं पुढे ओढा आणि आत आर्द्रतामापक ठेवा. ६५ टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहत असेल तर पुढचा पाहुणा बुरशी. किडकी पुस्तकं पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांला आठवडाभर ठेवतात, पण तो प्रयोग आधी माहीतगाराला विचारून.

आणि एक. गेल्या शतकातल्या पुस्तकांत चित्रं चकचकीत आर्ट पेपरवर असतात. छत गळून ती भिजली तर उन्हात वाळवू नका. त्या लेपात चिकणमाती असते, वाळताना पानं एकमेकांना चिकटतात आणि पुस्तकाची वीट होते. ओली असतानाच पिशवीत घालून काही तासांत गोठवायची.

टिफवाला

स्कॅनवाल्यांची बदनामी खूप झाली, आता माझी पाळी. :)

सपाट स्कॅनर विसरा. पुस्तक उताणं दाबलं की कणा गेला. वरून कॅमेरा, खाली व्ही आकाराचा आधार, पुस्तक ९० ते १०० अंशच उघडायचं. चित्रांसाठी ४०० पीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके), टिफ फाइल (तपशील न गमावता साठवणारी), पहिल्या फ्रेममध्ये रंगपट्टी आणि मोजपट्टी. घडीची चित्रं पूर्ण उघडून एका फ्रेममध्ये, आणि शेजारी एक फ्रेम मिटलेल्या अवस्थेतली. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकच्या १६६५ च्या सूक्ष्मदर्शक ग्रंथातली पिसू घडी उघडल्यावर अंगावर येते. ती तुकड्यांत स्कॅन करून जोडली तर गंमतच गेली.

तीन गोष्टी लोक हमखास चुकतात. एक, चित्राच्या कडेपर्यंत कातरतात. कागदाची कड दिसलीच पाहिजे, तिच्याबाहेर बोटभर पार्श्वभूमीही. दोन, चित्राची कोरी पाठ सोडून देतात. मागची तपकिरी सावली तिथेच असते ना! तीन, पातळ कागद चित्रावर असताना एक आणि बाजूला केल्यावर एक, अशा दोन फ्रेम हव्यात.

आणि जुजबंदींना अनुमोदन. फाइलची नावं मी चित्रांच्या यादीवरून देतो. यादी नसली की आयएमजी_४४१७ म्हणजे काय हे दोन वर्षांनी मलाही सांगता येत नाही. नसलेल्या चित्रासाठीही मी एक फ्रेम घेतो: 'चित्र ९ या प्रतीत नाही' अशी चिठ्ठी ठेवून त्या जागेचा फोटो.

पान_उलटणारी

तीन आठवड्यांनी परत आले. समितीला धागाच छापून दिला. बांधणी थांबली, स्कॅन पुढे ढकललं, मोजणीला आठवड्यातून दोन सकाळी मिळाल्या. सरळमार्गींच्या पद्धतीने पहिली फेरी चालू आहे, ४१ पुस्तकं झाली. २९ पूर्ण, ८ अपुरी, ४ बद्दल सांगता येत नाही.

जास्तीच्या सहांचा उलगडाही झाला. ते सहाही चित्रांचे स्वतंत्र खंड निघाले. मजकुराच्या खंडाला दाखल क्रमांक मिळाला, चित्रांचा खंड तसाच शेजारी उभा राहिला, बहुधा कुणाला ते वेगळं पुस्तक वाटलंच नाही. म्हणजे इतकी वर्षं ते कागदोपत्री आमच्याकडे नव्हतेच.

आणि एक दाखवायचंय. वनस्पतींच्या एका पुस्तकात यादीप्रमाणे ३६ चित्रं, प्रत्यक्षात ३५. क्रमांक २३ नाही. पृ. ११२ समोर खुंट आहे, कड एकदम सरळ, धारदार पात्याने कापलेली. मी नोंद केली आणि पुढे जाणार होते. पण पृ. ११२ वर मोठा फिकट तपकिरी डाग होता. पहिल्या दिवशी स्थितीच्या रकान्यात मी 'पाणी लागल्याचा डाग?' असं लिहूनही ठेवलं होतं. सहज भिंगधारींची बॅटरी युक्ती केली, काही दिसलं नाही. मग नुसतं खिडकीजवळ धरलं तर डागाला देठ दिसला. दोन पानं दिसली, पानांच्या शिरा दिसल्या. खाली ओळभर काहीतरी, वाचता येईना.

टिफवाला

फोटो घ्या आणि आरशासारखा आडवा उलटवा!! मग काळंपांढरं करून कॉन्ट्रास्ट वाढवा.

पान_उलटणारी

उलटवला. खालची ओळ म्हणजे वनस्पतीचं लॅटिन नाव, शेवटची तीन अक्षरं सोडून सगळं लागलं. यादीतल्या २३ शी जुळतंय. वरच्या कोपऱ्यात २३ सुद्धा आहे. मी टेबलाशी एकटीच होते, कुणाला सांगू असं झालं.

जुजबंदी

बंद पुस्तकात वर्षानुवर्षं समोरासमोर राहून चित्राचा ठसा पानावर उतरलेला आहे. चित्र गेलं, सावली राहिली. अभिनंदन. पृ. ११२ ची आता स्वतंत्र नोंद हवी.

गव्हाची_खळ

आणि त्या पानावर लाल अक्षरात चिठ्ठी: धुवायचं नाही. माझ्याकडे असं पुस्तक 'डाग काढून द्या' म्हणून आलं असतं, सोबत काही नोंद नसती आणि मी घाईत असते, तर मीही ते पाण्यात घातलं असतं.

पान_उलटणारी

चिठ्ठी आम्लरहित कागदाची, पेन्सिलने, पानाला न चिकटवता पेटीत ठेवलीय. माझ्या मोजणीच्या नोंदीतला 'पाणी लागल्याचा डाग?' खोडला. तिथे आता असं आहे: 'चित्र २३ नाही, खुंट आहे. पृ. ११२ वर त्याचा उलटा ठसा.'

उद्या ४२ वं पुस्तक. पक्ष्यांचं आहे, पातळ कागद जागेवर आहेत.